राणीच्या गालावरचा तीळ

१

प्रेरी क्वीनला आता निरोप द्यायचा, असं इरेना विल्कोशने सांगितलं तेव्हा माझ्या तोंडात अख्खी पोंच्की होती. प्लमचा जॅम भरलेला तळलेला गोळा घशात असताना असली बातमी कुणी सांगू नये. मला ठसका लागला. माझी मेहुणी लुसिल हिने पाठीत असा गुद्दा घातला की गोळा खाली गेला, पण पाठ दोन दिवस दुखत राहिली.

"निरोप म्हणजे काय गं?" लुसिलने विचारलं.

"उपवासाआधीचा मंगळवारचा वार्षिक खेळ झाला की बुधवारी नेपरव्हिलचा तो दातांचा डॉक्टर गाडी घेऊन येतोय. त्याला शब्द दिलाय मी."

मी काझ. विल्कोशच्या बारमध्ये काउंटरमागे उभा राहून माझे निम्मे केस पांढरे झाले आणि उरलेले निम्मे गेले, त्यामुळे प्रेरी क्वीनबद्दल बोलायचा हक्क मलाही आहे. ज्यूकबॉक्स आणि संडासाचं दार यांच्यामध्ये उभं असलेलं हे पिनबॉलचं जुनं यंत्र. याच शहरात, बसने जाता येईल अशा एका कारखान्यात जन्मलेलं. खाली काचेखालचा उतरता पाट, त्यात चेंडूला धक्के देणारे बंपर आणि खाली पडणारा चेंडू परत वर हाणणारे दोन फ्लिपर. वर उभी पेटी, आणि पेटीच्या तोंडाला रंगवलेली काच. मागचे दिवे लागले की काचेवरचा मिरवणुकीचा रथ उजळतो आणि रथातली गव्हाच्या मुकुटाची राणी हात हलवताना दिसते. ती राणी हुबेहूब इरेनासारखी आहे असं इरेनाचा नवरा स्टाख जन्मभर सांगत आला. हे साम्य स्टाखखेरीज कुणालाच कधी दिसलं नाही.

स्टाख नोव्हेंबरात गेला. उन्हाळ्यापासून तो झिजत होता, आणि त्याच सुमाराला राणीचा उजेडही उतरायला लागला. आता फेब्रुवारी. रथ धुक्यात सापडल्यासारखा दिसत होता, आणि रथात राणी आहे हे ज्याला माहीत होतं त्यालाच ती दिसत होती.

"एक माणूस असा थोडा थोडा विझताना बघितला मी," इरेना डाव्या गालावरचा तीळ चोळत म्हणाली. विचारात असली की तिचा हात तिथंच जातो. "दुसऱ्यांदा बघायचं बळ नाही माझ्यात. मिरेक मेकॅनिक म्हणतो, वय झालंय, इलाज नाही. मग विझायचंच असेल तर दुसऱ्याच्या घरी जाऊन विझू दे."

ती आत स्वयंपाकघरात गेली. मी फडकं घेऊन राणीची काच पुसायला लागलो. राणीच्या उजव्या गालावर गेल्या उन्हाळ्यातल्या कुठल्याशा माशीने घाण करून ठेवली होती. घासून घासून हात दुखला, पण ती काही निघेना.

"तुझा एप्रन दे," मागून लुसिल म्हणाली.

लुसिलविषयी सांगायला हवं. टेलिफोन कंपनीच्या तक्रारीच्या टेबलावर तिची सगळी नोकरी गेली. लोक फोन करून ओरडायचे की लाइन बंद आहे, आणि ही खुर्चीवरून न उठता चार प्रश्न विचारून सांगायची की तार तुमच्याच कुत्र्याने खाल्लीय. निवृत्त झाली तरी सवय गेली नाही. आमच्या घरात उकडलेली अंडी कुणी खाल्ली याचाही तपास होतो, आणि तो नेहमी माझ्यापाशी येऊन संपतो.

तिने माझा एप्रन वरच्या काचेवर टाकून राणीला झाकून टाकलं आणि मला खाली पाटाकडे बघायला लावलं. मी बघितलं. बंपर लखलखत होते, फ्लिपरच्या कडेचे दिवे स्वच्छ पिवळे उजळले होते, आणि खाचेतला पोलादी चेंडू आरशासारखा चमकत होता. वरचा अंधार बघून बघून आम्ही सगळ्यांनीच खालचाही अंधार धरून चाललो होतो.

"वय झालं की माणूस सगळाच म्हातारा होतो, काझ," लुसिल म्हणाली. "नुसता मानेपासून वर होत नाही. हिला काही झालेलं नाही. हिला कुणीतरी काहीतरी केलंय."

२

मिरेकला शुक्रवारी गाठलं. तो ज्यूकबॉक्समधली गाणी बदलायला आला होता आणि बारमध्ये तळलेल्या माशांचा वास भरला होता. मिरेक चांगला माणूस आहे, फक्त कामापेक्षा कामाबद्दल बोलणं त्याला जास्त जमतं.

"मीटर लावून बघितलंय मी, लुसिलबाई. फ्यूजचा होल्डर घासला. ट्रान्सफॉर्मरमधून सहा व्होल्ट बरोबर निघतायत. अजून काय करू, मंत्र म्हणू?"

"निघतायत ते बघितलंस. पोचतायत ते बघितलंस का?"

मिरेकने माझ्याकडे बघितलं. मी ग्लास पुसत राहिलो.

काउंटरच्या खिळ्यावरची किल्ली घेऊन त्याने पेटीचं मागचं दार उघडलं. आत एका फळीवर ओळीने छोटे छोटे दिवे, आणि त्यांच्यापलीकडे काचेची रंगवलेली बाजू. लुसिलने त्याला सगळ्यात शेवटच्या दिव्याच्या खोबणीत मीटरच्या सुया टेकवायला लावल्या. तिथंही सहा. म्हणजे वीज घरून निघत होती आणि रस्त्यात कुठंही न सांडता शेवटपर्यंत पोचत होती.

"सूप शिजतंय, बटाटे शिजतायत आणि पाहुणे उपाशी," लुसिल म्हणाली. "मग पाहुणेच बघू या. एक दिवा काढ."

मिरेकने एक काढला, चिमटीत फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. त्याच्या पितळी कॉलरवर सत्तेचाळीस आकडा होता. दुसरा काढला. सत्तेचाळीस. तिसरा, चौथा, सगळे तेच. राणीच्या डोक्यामागचे तर खोबणीत सैल करून ठेवलेले, लागतच नव्हते.

"यात वाईट काय?" मी विचारलं.

"चव्वेचाळीस नंबरचा दिवा लख्ख," मिरेक म्हणाला. "सत्तेचाळीस दिसायला त्याचा सख्खा भाऊ, पण वीज कमी खातो आणि उजेड कमी देतो. एखाददुसरा लावला तर कळतही नाही. पण सगळेच बदलले तर..." त्याने मंद पडलेल्या काचेकडे हात केला.

"आणि ते तू लावलेस," लुसिल म्हणाली.

"मी? देवाशपथ नाही." मिरेकचा आवाज चढला. "स्टाखने मला इथं कधी सत्तेचाळीस लावू दिला नाही. म्हणायचा, माझी राणी अंधारात बसवायची नाही. कामात मी आळशी असेन, बाई, पण त्या माणसाचं मी ऐकायचो. तोच माझं ऐकत नसे. शंभरदा सांगितलं होतं, सिगारेटच्या धुराने काच पिवळी पडली तरी बाहेरूनच पूस, आतून फडकं लावू नकोस, जुना रंग पापुद्र्यासारखा सुटतो. तो म्हणायचा, बरं बरं."

लुसिलने मान हलवली आणि एक दिवा रुमालात बांधून पर्समध्ये टाकला.

"एवढे सगळे दिवे एका रात्रीत बदलले असते तर दुसऱ्या दिवशी सगळा बार ओरडला असता," ती घरी जाताना म्हणाली. "कुणी ओरडलं नाही. म्हणजे कुणीतरी महिनोन्महिने एकेक दिवा बदलत होता. आपल्या नाकासमोर. आपण तिथं बसून बिअर पीत असताना."

"पण कशाला?"

"ते कळलं की कोण ते कळेल. आणि मंगळवारच्या आत कळायला हवं, नाहीतर इरेना एका धडधाकट यंत्राला तिरडीवर चढवून मोकळी होईल."

३

माझा संशय सरळ दातांच्या डॉक्टरवर गेला. अंधारलेलं यंत्र मालकाच्या मनातून उतरतं आणि लवकर हाती लागतं. शिवाय ज्याने माझी दाढ काढली होती त्याच्यापासून त्या जमातीवर माझा राग आहेच.

डॉक्टर हावरकॅम्प शनिवारी दाराची रुंदी मोजायला आला. उंच, गोरा, अतिशय सभ्य माणूस. त्याने इरेनाला लवून नमस्कार केला आणि राणीच्या काचेवर हात असा ठेवला की मला माझा राग आवरावा लागला.

"दिवे असे कसे झाले हो हिचे?" लुसिलने भोळा चेहरा करून विचारलं. हा चेहरा ती वर्षातून दोनदाच काढते.

"दिव्यांचं काय घेऊन बसलात? दिवे मी दुपारभरात बदलेन," डॉक्टर म्हणाला. "मला हिची काच हवी आहे. असल्या काचा सगळीकडे पोपडे निघालेल्या, नाहीतर कुणीतरी हौसेने रंगवून ठेवलेल्या मिळतात. तीस वर्षं एकाच घरात, एकाच मालकाकडे, मूळ रंग जसाच्या तसा, अशी मी दुसरी बघितली नाही. हे बघा, कारखान्याच्या जाहिरातीचा कागद. माझ्या आयुष्यभराच्या शोधात एवढाच मिळाला."

त्याने प्लॅस्टिकच्या पाकिटातून एक रंगीत कागद काढला. रथ, झेंडे, गव्हाचा मुकुट, गुलाबी गालांची गुळगुळीत राणी. मला तो कागद आणि आपली काच यांत तसूभर फरक दिसला नाही.

लुसिलने चष्मा लावला, कागद बघितला, मग उठून यंत्रापाशी गेली आणि नाक काचेला लागेपर्यंत वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. परत आली तेव्हा तिने एकच विचारलं.

"आणि काच मूळची नाही असं निघालं तर?"

"मग मी गाडी कशाला आणू?" डॉक्टर हसला. "पण तसं काही नाही. मला कळलं असतं."

तो गेल्यावर मी म्हणालो, "सुटला लबाड. उजेड घालवून त्याला काय मिळणार, त्याला तर काचच हवी."

"काझ, परवा तू राणीच्या गालावरची घाण पुसत होतास."

"माशीची. निघाली नाही."

"निघणार नाही. ती बाहेरून नाहीच आहे." लुसिलने कोट चढवला. "आणि ती माशीचीही नाही."

मी पुढं विचारलं, पण तिने ओठ घट्ट मिटले. असं केलं की तिचं वजन दुप्पट झाल्यासारखं वाटतं आणि तिला हलवता येत नाही.

४

रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर ब्रुनो ओलेनिक बारमध्ये होता. तो नसतो कधी? ब्रुनो म्हणजे स्टाखचा शाळेपासूनचा दोस्त आणि प्रेरी क्वीनवरचा सगळ्यात अट्टल खेळाडू. दोघांनी मिळून एवढे चेंडू हाणले असतील की मोजायला देवदूत लागावेत. मंगळवारी सकाळी इरेना कबरस्तानात जाते तेव्हा बिअरच्या ट्रकमधला माल उतरवून घ्यायला तोच दार उघडतो. दुपारी मी येईतो तो यंत्रापाशी उभा असतो, पायाशी बोलिंगचा चेंडू ठेवायची ती त्याची तपकिरी पिशवी. त्या रविवारी मात्र तो खेळत नव्हता. पुढ्यातल्या सॉसेजला त्याने काटाही लावला नव्हता.

"ब्रुनो, हिच्या उजेडाचं काय वाटतं तुला?" लुसिलने शेजारी बसत विचारलं.

"बरा आहे की. डोळ्यांना त्रास होत नाही," ब्रुनो म्हणाला. "जुनी आहे. जुनं झालं की असंच व्हायचं. कुणी हात लावलेला नाही तिला."

"बुधवारी जाणार ती. मग तू काय करशील?"

ब्रुनोने सॉसेजची ताटली बाजूला सरकवली. "ती जायला नको," तो म्हणाला, आणि टोपी घेऊन निघून गेला. सॉसेज मी खाल्लं. टाकवत नाही.

"किती लागलंय बिचाऱ्याला," मी म्हणालो.

"लागलंय खरं. जाता जाता पिशवी मात्र विसरला नाही."

"बोलिंगला जात असेल."

"कुठल्या बोलिंगला रे? कोपऱ्यावरची बोलिंग अॅली गेल्या वर्षी बंद पडली. तिथं आता सोफे विकतात."

इतक्यात काउंटरवरचा फोन वाजला. मिरेक होता, आणि त्याला लुसिलच हवी होती. तिने ऐकलं, दोनदा "हं" म्हटलं, आणि फोन ठेवून काउंटरला धरून उभी राहिली.

"सत्तेचाळीसची पेटी मिरेककडून कुणी घेतली ते त्याला आठवलं. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. चर्चमधल्या ख्रिसमसच्या गोठ्याच्या देखाव्याला हवेत म्हणून मागितली होती."

"मग झालं की. चर्चला गेली पेटी."

"काझ, तो गोठा दरवर्षी मी मांडते. त्यात भिंतीच्या प्लगवरची माळ लागते. असला एक दिवा त्यात कधी लागलेला नाही."

"मग खोटं बोलून पेटी नेली कुणी?"

"स्टाखने," ती म्हणाली.

मी मागे बाटल्यांवर टेकलो. स्टाखने, ज्याला राणी अंधारात बसलेली खपत नसे. आणि स्टाख तर नोव्हेंबरात गेला. दिवे त्यानंतरही मंद होत राहिले होते. नाताळात एवढा अंधार नव्हता, हे मी स्वतः शपथेवर सांगू शकत होतो. मेलेला माणूस कबरस्तानातून येऊन दर आठवड्याला एकेक दिवा बदलून जात होता की काय?

५

मंगळवारी दुपारी, गर्दी जमायच्या आधी, लुसिलने सगळ्यांना बोलावलं. इरेना काळ्या स्वेटरमध्ये, हाताला पिठीसाखर. मिरेक. डॉक्टर हावरकॅम्प, जो निरोपाच्या खेळाला म्हणून आला होता. आणि ब्रुनो, पिशवी मांडीवर घेऊन, फादरसमोर पापांच्या कबुलीला बसलेल्या माणसासारखा.

"तक्रारीच्या टेबलावर मी एक शिकले," लुसिल म्हणाली. "मी विचारायच्या आधीच जो सांगतो की कुणी हात लावलेला नाही, त्यानेच हात लावलेला असतो. ब्रुनो, मी तुला उजेडाबद्दल विचारलं होतं. हाताबद्दल नाही."

ब्रुनोने पिशवी पोटाशी ओढली.

"बिघाड म्हटला की आधी विचारायचं, कुठं नाही. खालच्या पाटावर नाही. तारेत नाही. म्हणजे दिव्यांत, म्हणजे मुद्दाम. सगळ्यात आधी राणीच्या चेहऱ्यामागचे दिवे सैल केले, बाकीचे नंतर हळूहळू बदलले. हिशेब सोपा आहे. कुणाला तरी राणीचा चेहरा दिसू द्यायचा नव्हता."

"का?" इरेनाने विचारलं.

"कारण तो चेहरा आता तिचा नाहीये. डॉक्टर, तुमचा कागद काढा. तुमच्या राणीच्या गालावर तीळ आहे?"

डॉक्टरने कागद बघितला, मग काच बघितली, आणि त्याचा गोरा चेहरा आणखी गोरा झाला. "नाही," तो म्हणाला. "अरे देवा. नाही."

"आपल्या राणीच्या आहे. काझ तो माशीची घाण म्हणून पुसत होता. या बारमध्ये गालावर तीळ असलेली बाई एकच आहे."

सगळे इरेनाकडे वळले. तिचा हात गालावरच होता.

"स्टाखने आतून फडकं मारलं," मिरेक हळूच म्हणाला. "सांगितलं होतं मी त्याला."

"आता तू सांग, ब्रुनो," लुसिलचा आवाज एकदम मऊ झाला. "त्याला दिलेला शब्द तू पाळलास. पण तो असाच पाळत राहिलास तर ती उद्या जाईल. हे त्याने मागितलं नव्हतं."

ब्रुनोने पिशवीची चेन ओढली. आत चेंडू नव्हता. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत, प्रत्येक खळग्यात कापसावर एकेक, चव्वेचाळीस नंबरचे दिवे निजवलेले होते. काढलेला चांगला दिवा टाकून देणं त्याला जमलं नव्हतं.

"ईस्टरच्या आधी," तो खाली बघतच म्हणाला. "फादर घरांना आशीर्वाद द्यायला येणार होते. स्टाख म्हणाला, राणीचं तोंड धुऊ या. काचेचा फवारा मारला आणि फडकं फिरवलं, तर आख्खा चेहरा फडक्यावर आला. नाक, डोळे, सगळं. तो तिथंच खाली बसला, इरेना. म्हणाला, मी इरेनाला पुसून टाकलं."

इरेनाने हाताची पिठीसाखर स्वेटरला पुसली.

"मग त्याने रंग आणले. खेळण्यातल्या आगगाड्या रंगवतात ना, तसले. तू बहिणीकडे गेलीस की आम्ही काच उतरवायचो. तो रंगवायचा आणि पुसायचा. म्हणायचा, मूळची कशी होती ते आठवत नाही, इरेना आठवते, तीच काढतो. हात काही त्याचा चित्रकाराचा नाही. शेवटी जे जमलं ते जमलं. म्हणाला, नीट जमेपर्यंत तिने बघायचं नाही. आधी तोंडामागचेच दिवे ढिले केले. मग म्हणाला, एकाच जागी अंधार असला की माणूस तिथंच बघतो. सगळीकडे थोडा थोडा असला की म्हणतो, वय झालं. पुढं तो इस्पितळात गेला. तिथं माझा हात धरून म्हणाला, मंगळवारी एक, ब्रुनो, तिला कळता कामा नये." त्याने टोपीने नाक पुसलं. "तू तिला दुसरीकडे पाठवतेस असं गुरुवारी ऐकलं, तेव्हापासून घास उतरत नाही. उजेड करावा तर त्याचं बिंग फुटतं. न करावा तर ती जाते. मी काय करायचं होतं?"

६

"लावा दिवे," इरेना म्हणाली.

मिरेक आणि ब्रुनोने मिळून लावले. अंड्यांची खोकी मी धरली होती. लुसिल एकेक दिवा उचलून देत होती. शेवटी मिरेकने मागचं दार लोटलं आणि बटण दाबलं.

झेंडे पेटले. रथाची सोनेरी चाकं पेटली. आणि मधोमध राणी. तिचा एक डोळा दुसऱ्याहून चांगला बोटभर वर होता. नाक उकडलेल्या बटाट्याचं. ओठ लाल, मोठे, आणि जरा घसरलेले. गालावर टपोरा काळा तीळ. डॉक्टरच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, दाढ उपटताना पेशंटच्या तोंडून निघतो तसा.

इरेना जवळ गेली. ती रडेल म्हणून लुसिलने रुमाल काढून ठेवला होता. इरेना बघत राहिली, मग तिचे खांदे हलायला लागले, आणि आम्हाला कळायला वेळ लागला की ती हसतेय. स्टाखला पुरल्यापासून तिला हसताना कुणी बघितलं नव्हतं.

"जन्मभर शेजारी झोपला माणूस," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि त्याला हे दिसायचं?" मग ती थांबली. बोट काचेवरच्या तिळावर गेलं, दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या गालावर. "आणि तीळही चुकीच्या गालावर. तेवढंही लक्षात राहिलं नाही त्याच्या."

हसू उतरलं. ते उतरताना बघवत नव्हतं. ब्रुनोने मान खाली घातली.

"काच उतरवा," लुसिल म्हणाली. "खिडकीपाशी न्या. सांभाळून, आणि रंगाची बाजू हिच्याकडे करून धरा."

डॉक्टरनेच पुढं होऊन काच उचलली. असल्या वस्तू कशा धरायच्या हे त्याला माहीत होतं. त्याने आणि मिरेकने ती खिडकीत उभी धरली आणि रस्त्यावरच्या बर्फाचा पांढरा उजेड तिच्यातून आरपार आला. स्टाखचा रंग पातळच होता. उलट्या बाजूने, गुलाबी रंगातून, डोळे, नाक, ओठ सावलीसारखे दिसले. आणि तीळ दिसला. डाव्या गालावर, इरेनाच्या तिळाच्या जागी, अगदी बरोबर.

"तो या बाजूला बसून रंगवत होता," लुसिल म्हणाली. "त्याच्या बाजूने सगळं बरोबरच होतं."

इरेना बराच वेळ तिथं उभी राहिली. स्टाख जिथं बसला असेल तिथं.

मग डॉक्टरने काच पेटीत परत बसवली, कोपरे तपासले आणि हात पुसले. "बाई," तो म्हणाला, "मूळ रंग गेलेली काच मी घेत नाही. माझा नियम आहे. तेव्हा बुधवारी मी येणार नाही." जरा थांबून म्हणाला, "पुढच्या वर्षी खेळायला मात्र बोलवा." त्या दिवसापासून दातांच्या डॉक्टरांवरचा माझा राग थोडा कमी झाला, फक्त दाढेपुरता ठेवलाय.

लोक यायला लागले होते. बूट आपटत, बर्फ झाडत, दारातच थबकत होते, कारण आतला कोपरा पुन्हा उजळला होता. कुणीतरी विचारलं, राणीच्या तोंडाला काय झालं. ब्रुनोने त्याच्याकडे असं बघितलं की पुन्हा कुणी विचारलं नाही.

मंगळवारचा पहिला चेंडू नेहमी स्टाख सोडायचा. सगळे ब्रुनोकडे बघत होते. ब्रुनो बाजूला सरला आणि त्याने इरेनाला जागा करून दिली. एवढ्या वर्षांत इरेनाने त्या यंत्राला पुसण्यापुरताही हात लावला नव्हता. तिने दांडी ओढली आणि सोडली. चेंडू वर गेला, एकाही बंपरला न शिवता दोन फ्लिपरच्या मधून सरळ खाली पडून बाद झाला.



"परत," इरेना म्हणाली.